काळ्या पाषाणातले कवचधारी

जीवाश्मांचा पाठ शिकवून झाला की पुढचे चार-सहा दिवस मुलांच्या खिशांतून दगड निघत राहतात. पाठाबरोबरच्या चित्रांत बहुधा ट्रायलोबाइट असतो. अंगाचे उभे तीन भाग, त्यांवर आडव्या वळ्या, झुरळ आणि गोम यांच्या मधला वाटावा असा हा समुद्रातला प्राणी मुलांच्या चटकन लक्षात राहतो. मग ‘असा आपल्या गावात सापडेल का?’ हा प्रश्न येतोच. जालना जिल्ह्यातल्या शिक्षकाला त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल: नाही. पण नुसते ‘नाही’ म्हणून मुलाला जागेवर बसवण्यात अर्थ नाही. का नाही, हे सांगायला गेले तर दख्खनच्या भूशास्त्राचा निम्मा इतिहास सांगावा लागतो आणि तो सांगताना याच काळ्या पाषाणात ट्रायलोबाइटचे लांबचे नातलग सापडल्याची हकीकतही येते.

आधी मुले आणतात त्या दगडांविषयी. भोकरदनपासून परतूरपर्यंत सगळा जालना जिल्हा लाव्हारसाच्या थरांवर वसलेला आहे. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेले. त्यांनी आज व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. विहीर खणताना, समृद्धी महामार्गासाठी टेकडी कापताना जो दिसतो तो हाच बेसाल्ट. तो जिथे झिजतो तिथे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे तयार होतात. मुले त्यांना अंडी समजतात, कधी कासवे. दगडाच्या फटीत मँगॅनीजची काळी नक्षी उमटलेली असते, ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते. तेही पान नव्हे. लाव्हात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांचे स्फटिक बसतात आणि पोकळी गोलसर असली की आत शिंपला आहे असा भास होतो. या तिन्ही वस्तू जपून ठेवाव्यात, त्यांच्यावर वेगळा पाठ घेता येतो. पण जीवाश्मांच्या पेटीत त्यांना जागा नाही. वितळलेल्या दगडात प्राणी टिकत नाही. जीवाश्म घडायला गाळ लागतो.

मग या लाव्हाच्या खाली जुन्या समुद्राचा गाळ नसेल का? हा पुढचा प्रश्न हुशार मुलाचा. मराठवाड्याला त्याचे एक उत्तर फार दुःखद प्रसंगातून मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. पहिले ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे खडक आणि लगेच अतिप्राचीन नाइस, म्हणजे पृथ्वीवर ट्रायलोबाइट अवतरण्याच्या कितीतरी आधीचा खडक. मधल्या कित्येक कोटी वर्षांच्या समुद्रांची एकही पाटी तिथे नाही. लातूरचे उत्तर जालन्याला जसेच्या तसे लागू करता येत नाही हे खरे, पण ट्रायलोबाइटसाठी आशेने खणत बसावे असेही त्यात काही नाही.

ट्रायलोबाइट साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. भारतात त्यांच्यासाठी हिमालय गाठावा लागतो. स्पितीच्या खोऱ्यातले ट्रायलोबाइट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेडनने गोळा केले आणि काउपर रीडने १९१० साली त्यांचे वर्णन छापले. काश्मीरमध्येही ते सापडतात. इथे एक दुरुस्ती करून घ्यावी: ट्रायलोबाइट हे खेकडा-कोळंबीच्या वर्गातले, म्हणजे खऱ्या अर्थाने कवचधारी नव्हेत. ते संधिपादांचेच, पण वेगळ्या शाखेचे प्राणी. खेकडा, कोळंबी, पाणपिसू हे ज्या वर्गात येतात त्या कवचधारींचे जीवाश्म मात्र महाराष्ट्रात सापडले आहेत आणि ते सापडण्याचा इतिहास दोनशे वर्षांकडे झुकला आहे.

लाव्हा एका दमात आला नाही. एक थर पसरून थंड होई, मग काही काळ शांतता असे. त्या काळात दगड कुजून माती होई. दोन थरांमध्ये दिसणारा विटकरी लाल पट्टा हा अशाच मातीचा, पुढच्या लाव्हाने भाजून काढलेला. काही ठिकाणी खोलगट जागी पाणी साठे, तळे होई, त्याच्या काठी झाडे वाढत, तळात गाळ बसे. मग पुन्हा लाव्हा येऊन तळ्यावर झाकण घाली. या दोन लाव्हांमधल्या गाळाच्या पातळ थरांत जीवाश्म आहेत. दख्खनच्या पूर्व कडेला, म्हणजे नागपूर, छिंदवाडा, चंद्रपूर, यवतमाळ आणि निर्मळच्या बाजूला ते जास्त आहेत. पश्चिमेला मुंबईतही आहेत: वरळीच्या तशाच थरांत चिमुकले बेडूक निघाले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांना नाव दिले. त्या मुंबईच्या गाळातही कवचधारी होतेच.

हे थर पहिल्याने पाहणारे लोक बहुतेक लष्करी डॉक्टर. त्या काळी भूशास्त्राचे शिक्षण थोडेफार वैद्यकाबरोबर मिळे आणि पलटणीबरोबर मुलूखभर फिरणे होई. जालन्यालाही १८२७ साली छावणी बांधली गेली आणि १९०३ पर्यंत तिथे हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य होते. या वाटांवरून जाणाऱ्यांपैकी हेन्री व्हॉयसी हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ. त्याने १८२० नंतरच्या काही वर्षांत गाविलगडच्या डोंगरांत लाव्हांच्या मधले शंख पाहिले. पुढे मद्रासच्या वैद्यकीय सेवेतला जॉन ग्रँट माल्कमसन हैदराबादहून नागपूरकडे येताना निर्मळच्या उत्तरेला सिचेल टेकड्यांत थांबला. तिथे चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कठीण दगडात, त्याला शंख, शिंपले आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढी चकचकीत कवचे मिळाली. त्याचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८४० मध्ये छापला आणि त्यातल्या जीवाश्मांना नावे दिली जेम्स डी कार्ल सोवर्बीने. एका मोठ्या शंखाला त्याने जेम्स प्रिन्सेपच्या नावावरून ‘फायसा प्रिन्सेपाय’ म्हटले. राजगिऱ्याएवढ्या कवचांना नावे पडली ‘सिप्रिस सिलिंड्रिका’ आणि ‘सिप्रिस सबग्लोबोसा’. दख्खनच्या कवचधारींचे छापील पुस्तकांतले हे जवळजवळ पहिले पाऊल.

सिप्रिस म्हणजे ऑस्ट्रॅकॉड या गटातला प्राणी. शंखशिंपल्यांच्या सवयीने पाहिले तर हा एक बारीक शिंपला वाटेल. दोन झडपा, वरच्या कडेला बिजागरी. पण झडपा उघडल्या की आत सांध्यांचे पाय, स्पर्शिका, डोळा असा कोळंबीचा संसार सापडतो. हा प्राणी वाढताना कात टाकतो, साधारण आठ वेळा. प्रत्येक वेळी जुन्या झडपा तळाशी जातात. म्हणजे एकाच प्राण्याच्या आयुष्यात लहानापासून मोठ्यापर्यंत झडपांच्या नऊ जोड्या गाळाला मिळू शकतात. झडपा चुनखडीच्या, त्यामुळे टिकतातही चांगल्या. या गटाचा वंश फार जुना आहे. समुद्रात तो सुमारे ४८ कोटी वर्षांपासून आहे आणि नंतर खाडीत, नदीत, तळ्यात सगळीकडे पसरला. तेल शोधणाऱ्या कंपन्या खोल छिद्रातून आलेल्या चिमूटभर गाळात याच झडपा शोधतात, कारण मोठा जीवाश्म छिद्रणाऱ्या पात्याखाली चुरडून जातो, हा मात्र अख्खा वर येतो.

आता मुख्य माणसाकडे येऊ. स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंडमधल्या डन्स गावी. १८४५ मध्ये तो मिशनरी म्हणून नागपूरला आला. तेव्हा नागपूरला भोसल्यांचे राज्य होते. त्याने मराठी शिकून घेतले, शाळा काढली, पुढे गोंडांची गाणी आणि शब्द टिपून ठेवले. ते कागद त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केले. नागपूरचे आजचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे, स्थापना १८८३ची. इतक्या कामांत त्याला दगडांसाठी वेळ कुठून मिळाला असेल याचे आश्चर्य वाटते. त्याचे आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याचे जीवाश्म गोळा करणे १८५१च्या सुमारास सुरू झाले ते फिरायला जाण्यातून. सीताबर्डीच्या टेकडीत आणि पश्चिमेच्या टाकळीला त्यांना लाव्हाखालून डोकावणारा गाळाचा थर दिसला. कुठे काही इंच, कुठे काही फूट जाडीचा. त्यात फायसा शंख होते. मग दोघांनी तो थर पिंजून काढला. फळे, बिया, पाने, लाकूड, भुंग्यांच्या पाठीवरची कठीण पंखकवचे, माशांचे खवले आणि पुष्कळ सिप्रिस.

याला लागणारे साहित्य म्हणजे हातोडा, छिन्नी, भिंग आणि चिकाटी. चर्ट फोडताना धारदार कपच्या उडतात. नेमक्या पातळीवर फुटला तर जीवाश्म उघडा पडतो, नाहीतर आरपार तुटतो. एक मिलिमीटरच्या कवचासाठी शंभर दगड फोडावे लागतात आणि ते कवच हातात आले तरी ‘हे काय’ हे सांगणारा माणूस सहा हजार मैलांवर. नागपूरला आगगाडी १८६७ मध्ये आली. त्याआधी हे खोके बैलगाडीने आणि मग जहाजाने लंडनला जात. उत्तर यायला वर्ष सहज जाई. तरी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरचा मोठा निबंध सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉपचा दुसरा निबंध आला. त्याच्या जोडीला अँड्र्यू मरेने कीटकांवर आणि टी. रूपर्ट जोन्सने नागपूरच्या सिप्रिस कुळातल्या कवचांवर टिपणे लिहिली. गाळातल्या धुळीएवढ्या झडपांना एक स्वतंत्र टिपण मिळावे, ही त्या काळाची उदारता म्हणावी लागेल.

या कवचांवर तेव्हा बरेच काही अवलंबून होते. लाव्हाचा हा अफाट पसारा जमिनीवर झाला की समुद्राखाली? इतका सपाट, इतका दूरवर पसरलेला दगड पाण्याखालीच निपजला असेल असे म्हणणारे लोक होते. ज्वालामुखीची शंकूसारखी टेकडी कुठे दिसत नाही, मग दुसरे काय समजायचे? वादाचा निकाल गाळातल्या प्राण्यांनी लावायचा होता. समुद्रातले ऑस्ट्रॅकॉड बहुधा जाड कवचाचे, त्यांवर जाळी, गाठी, काटे, बिजागरीला दात. गोड्या पाण्यातले बहुधा गुळगुळीत, पातळ, साध्या बिजागरीचे. टाकळीची कवचे या दुसऱ्या जातीची होती. शंखही तळ्यात राहणाऱ्यांचे, सोबत झाडांची फळे आणि भुंगे. म्हणजे नागपूरला तरी लाव्हा समुद्रात पडला नव्हता, तळ्यांवर पडला होता.

यातून सगळेच बरोबर निघाले असे नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे हे थर म्हणजे एकाच विस्तीर्ण सरोवराचा गाळ, आणि त्याच्या खालचा लाव्हा नंतर आत घुसलेला, असा हिस्लॉपचा कल होता. पुढे सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्डने डोंगर चढून-उतरून पाहिले, तेव्हा हे थर निरनिराळ्या उंचीवर, निरनिराळ्या लाव्हांच्या मध्ये आहेत असे दिसले. सरोवर एक नव्हते, लहान लहान तळी होती आणि तीही वेगवेगळ्या वेळची. १८७९ च्या ‘मॅन्युअल ऑफ द जिऑलॉजी ऑफ इंडिया’ या मेडलिकॉट-ब्लॅनफर्डच्या ग्रंथात हे चित्र पक्के झाले. मला मात्र हिस्लॉपच्या चुकीत गैर वाटत नाही. ज्याने नागपूर सोडून फारसे पाहिले नाही त्याला सगळीकडे तोच शंख, तेच कवच दिसल्यावर तळे एकच वाटणार.

हिस्लॉपच्या संग्रहात टाकळीहून कितीतरी जुने कवचधारीही होते. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यात, मांगली नावाचे गाव आहे. तिथला वालुकाश्म लाव्हाच्या फार पूर्वीचा, सुमारे २५ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात एका उभयचराची चपटी कवटी मिळाली. ओवेनने १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ म्हटले. त्याच दगडात शिंपल्यासारखे ठसे होते. रूपर्ट जोन्सने १८६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांना ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ असे नाव दिले. म्हणजे विदर्भातले एक खेडे शास्त्राच्या लॅटिन नावांत जाऊन बसले.

एस्थेरिया हाही दोन झडपांचा कवचधारी, पण ऑस्ट्रॅकॉडपेक्षा मोठा. त्याच्या झडपांवर शिंपल्यासारख्या एकाभोवती एक वाढीच्या रेषा असतात. कवचधारी असून रेषा कशा, हे विचारण्यासारखे आहे. खेकडा कात टाकतो तेव्हा जुने कवच सगळेच फेकतो, म्हणून त्याच्यावर वाढीची नोंद राहत नाही. एस्थेरियाचा प्राणी अंगाची कात टाकतो, पण झडपा टाकत नाही. जुन्या झडपेला खालून नवा काठ जोडत जातो. रेषा मोजल्या की त्याने किती वेळा कात टाकली ते कळते. शिक्षकांसाठी यात एक चांगला मुद्दा आहे: केवळ बाह्य रूपावरून हा प्राणी अनेकांनी मृदुकाय ठरवला होता आणि त्याचे खरे कूळ जिवंत नातलग पाहिल्यावरच पटले.

हे जिवंत नातलग हिस्लॉपने नागपुरातच शोधले. तळी, डबकी, पावसाने भरणारे खड्डे यांतले बारीक प्राणीही त्याने लंडनला पाठवले. तिथे विल्यम बेअर्डने १८५९ मध्ये ‘नागपूरहून आलेले काही नवे प्राणी’ अशा आशयाच्या टिपणात त्यांची वर्णने दिली. त्यांतल्या एका वाटोळ्या, झडपांच्या प्राण्याला त्याने ‘एस्थेरिया हिस्लोपाय’ असे नाव दिले. दगडातला एस्थेरिया आणि डबक्यातला एस्थेरिया एकाच माणसाने, एकाच परिसरात, त्याच काही वर्षांत गोळा केले, यात मला योगायोगापेक्षा पद्धत जास्त दिसते. दगडातले कळायचे तर पाण्यातले पाहिले पाहिजे, हे त्याला उमगले असावे. तिकडे सोवर्बीच्या ‘सिप्रिस सबग्लोबोसा’चेही असेच झाले. ते नाव दिले होते जीवाश्माला, पण पुढे तेच आजच्या तळ्यांतल्या जिवंत ऑस्ट्रॅकॉडलाही लावले जाऊ लागले. साडेसहा कोटी वर्षांच्या अंतराने एकच जात टिकली असेल हे कठीण, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले आहेत.

‘एस्थेरिया हिस्लोपाय’ची गोष्ट पुढे नॉर्वेत गेली. १८८० च्या दशकात गेओर्ग ओसियान सार्स या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातल्या तळ्याची वाळलेली माती मागवली, आपल्या घरी भांड्यात पाणी घालून ठेवली आणि रोज पाहत राहिला. त्या मातीतून नागपूरचाच प्राणी निपजला. तो इतर एस्थेरियांसारखा नव्हता. इतरांच्या अंड्यांतून आधी वेगळीच अळी बाहेर पडते. हा मात्र पिलांना झडपांच्या आतच वाढवतो आणि आईबापांसारखी दिसू लागल्यावर बाहेर सोडतो. सार्सने १८८७ मध्ये त्यासाठी ‘सायक्लेस्थेरिया’ ही नवी प्रजाती केली. आज ‘सायक्लेस्थेरिया हिस्लोपाय’ जगभराच्या उष्ण प्रदेशांत माहीत आहे. जनुकांच्या अभ्यासातून तो पाणपिसूंचा सगळ्यांत जवळचा नातलग ठरला, त्यामुळे पाणपिसू कशा उत्क्रांत झाल्या हे शोधणाऱ्यांना त्याच्याकडे यावेच लागते. मांगलीच्या ठशांचे मूळ नाव मात्र बदलावे लागले, कारण ‘एस्थेरिया’ हे नाव एका माशीला, उडणाऱ्या माशीला, आधीच दिलेले होते.

४ सप्टेंबर १८६३ ला हिस्लॉप टाकळघाटला गेला होता. तिथली दगडांची वर्तुळे म्हणजे फार जुनी दफने. त्यांची पाहणी चालू होती. रात्री घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या ओढ्याला पूर आलेला होता आणि त्यात तो बुडाला.

त्याने एक प्रश्न मागे ठेवला होता: या गाळाचे वय किती? आपल्या १८६० च्या निबंधाच्या नावातच त्याने हे थर तृतीयक, म्हणजे डायनोसॉरांच्या नंतरचे, असे म्हटले होते. बिरबल साहनींनी १९३० च्या दशकात इथल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवरून साधारण तोच निष्कर्ष काढला. मग १९८० नंतर चित्र पालटले. खडकांचे चुंबकत्व आणि किरणोत्सारी वय मोजता येऊ लागले, आणि १९८७ मध्ये टाकळीच्या थरातून डायनोसॉरच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. हे तुकडे शोधायची रीत हिस्लॉपच्या रीतीहून वेगळी: गाळ भिजवून, धुऊन, बारीक चाळणीतून गाळून उरलेला चोथा सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. टरफले, खवले, दात आणि ऑस्ट्रॅकॉड एकाच चोथ्यात मिळतात. तेव्हा टाकळीची तळी डायनोसॉर असतानाची ठरली. आज टाकळी आणि गिट्टीखदान नागपूर शहराच्या आत आहेत.

आणि समुद्र? तो इतक्यात सुटला असे वाटत असतानाच २००९ मध्ये परत आला. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथे दोन लाव्हांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकॉडांबरोबर मचूळ पाण्यातले ऑस्ट्रॅकॉड मिळाले आणि त्याच काही थरांत उघड्या समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीवही. या जीवांच्या जाती डायनोसॉर संपल्यानंतर लगेच आलेल्या. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी त्यावरून समुद्राचा एक चिंचोळा फाटा भारताच्या मध्यापर्यंत आला होता असे मांडले. तो नर्मदा-तापीच्या बाजूने आला असावा असा तर्क आहे. इतक्या आत समुद्र कसा येईल, थर बहुतांशी गोड्या पाण्याचा आहे त्याचे काय, अशा शंका इतरांनी काढल्या आहेत. म्हणजे १८४० चा प्रश्न, त्याच राजगिऱ्याएवढ्या साक्षीदारांच्या तोंडून, नव्याने विचारला जातो आहे. समुद्रातल्या कवचधारींचे जीवाश्म मराठी मुलखाच्या जवळात जवळ कुठे शोधावेत, तर ते या सीमेवर. जालन्याच्या मुलाला सांगायचे असेल तर हे सांगावे.

जालन्याच्या हद्दीत जीवाश्मच नाहीत असे मात्र समजू नये. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेने गोदावरी वाहते. तिच्या काठच्या दरडींतला जुना गाळ काही हजार ते काही लाख वर्षांचा आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ, अशा गाळातून मोठ्या हत्तीची कवटी निघाली आणि पिलग्रिमने १९०५ मध्ये तिची नोंद केली. दरडीत हाडे, गोगलगायी, शिंपले दिसले तर उपटून काढण्यापूर्वी कोणता थर, पाण्यापासून किती उंचीवर, हे लिहून आणि फोटो घेऊन ठेवावे. जागा न लिहिलेला जीवाश्म शोभेचा दगड होतो. मोठे हाड असेल तर हात न लावता विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा सर्वेक्षणाला कळवणे बरे.

कवचधारी पाहायचे तर सार्सची युक्ती आपल्याकडे अगदी फुकट जमते. एप्रिल-मेमध्ये गावतळे किंवा दरवर्षी पावसाने भरणारा खड्डा आटतो, तेव्हा त्याच्या तळाची दोन ओंजळी वाळकी माती खरवडून घ्यावी. वरचे बोटभर जाडीचे पापुद्रे पुरेत, कारण अंडी तिथेच असतात. उथळ काचेच्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात माती पसरून वर चार बोटे पावसाचे पाणी घालावे. नळाचे असेल तर दोन दिवस उघडे ठेवून, क्लोरिन उडून गेल्यावर. भांडे सावलीत पण उजेडात ठेवावे. दोन-चार दिवसांत पाण्यात ठिपके हलू लागतात. आठवडा-दोन आठवड्यांत भिंगातून ओळख पटू लागते: झटके देत उडणाऱ्या पाणपिसू, तळाशी दाण्यासारखे धावणारे ऑस्ट्रॅकॉड, आणि नशीब असेल तर रेषांच्या झडपांचा, एस्थेरियाच्या कुळातला एखादा. पाणी आटू द्यावे. मग तळाशी राहिलेल्या झडपा ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलून काळ्या कागदावर ठेवाव्यात आणि कोणत्या गावच्या, कोणत्या तळ्याच्या, कोणत्या तारखेच्या मातीतून आल्या ते कागदाच्या कोपऱ्यात लिहावे.